शब्दांचा सातबारा

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात ‘बांध कोरणं’ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारी दर नांगरटीला एखादं तास जास्त घेतो, बांध वीत-वीत सरकत जातो आणि दहा वर्षांनी कळतं की विहिरीकडे जायची पाऊलवाटच उरलेली नाही. मग मोजणीचा अर्ज होतो, भावकी जमते, तारखा पडत राहतात. भांडण कितीही चिघळलं तरी हातात एक कागद मात्र असतो. सातबारा. त्यावर नाव, गट नंबर, क्षेत्र, सगळं असतं.

लिहिलेल्या शब्दांचा बांध कुणी कोरला तर कुठला कागद काढायचा?

हा प्रश्न माझ्या एका मावसभावाचा. तो डाळिंबाच्या बागेविषयी स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावर लिहितो. त्याचं लिखाण फोटोंसकट उचलून दुसऱ्या एका स्थळावर लावलेलं त्याला दिसलं. “मी कुठे काही नोंदवलं नव्हतं, मग माझा हक्क तरी कसा सांगू?” असं तो विचारत होता. जालावर लिहिणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. मराठी अनुदिन्या बाळसं धरत होत्या त्याच काळात ‘चोप्य-पस्ते’ आणि ‘ढकलपत्र’ हे दोन शब्दही आपण रूढ केले, यातच सगळं आलं. तर त्याला फोनवर जे सांगितलं तेच आज जरा सविस्तर, आणि थोडं मागे जाऊन.

मागे म्हणजे इंदापूरलाच. मालकीची मोजणी आणि इंदापूर यांचं नातं जुनं आहे. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारसाठी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनची जमीन मोजून सारा ठरवला होता. तो इंदापूरसारख्या कोरडवाहू तालुक्याला झेपला नाही. लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्यानं सुरुवात केली, ती इंदापूर तालुक्यापासून. एका बैलजोडीला वाहता येईल एवढ्या शेताचा साधारण एक नंबर, त्याच्या हद्दीच्या खुणा, मातीच्या प्रतीप्रमाणे सारा, आणि तो ३० वर्षं वाढणार नाही अशी हमी. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिचे नियम पक्के झाले ते गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालात. साल १८४७.

गंमत म्हणजे त्याच १८४७ साली कलकत्त्यात कंपनी सरकारनं त्या वर्षाचा विसावा कायदा केला, तो पुस्तकांच्या प्रताधिकाराचा. इंग्लंडमधला कायदा त्यानं कंपनीच्या मुलखात आणला. दावा लावायचा तर आधी सरकारी वहीत पुस्तकाची नोंद हवी, असा त्याचा बाज होता. एकाच वर्षी शेताच्या हद्दींचे नियम ठरले आणि पुस्तकांच्या हद्दींचेही. दोन्हीकडे डोकं एकच दिसतं: वस्तू मोजा, वहीत घाला, मालक ठरवा.

एक फरक मात्र कायद्यानं आधीपासून ठेवला होता. शेत पिढ्यान्‌पिढ्या चालतं, शब्दांवरची मालकी मुदतीची असते. इंग्लंडात १७१० साली राणी ॲनच्या काळात पहिला कायदा झाला, तेव्हा ही मुदत नव्या पुस्तकाला १४ वर्षं आणि तोवर लेखक हयात असेल तर आणखी १४ अशी होती. लंडनच्या प्रकाशकांचं म्हणणं, कायदा काहीही म्हणो, आमचा हक्क कायमचा आहे. एडिंबरोचा डोनाल्डसन नावाचा पुस्तकविक्रेता जुन्या पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढून विकायचा. त्याचं प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १७७४ मध्ये निकाल लागला की छापलेल्या पुस्तकावरचा हक्क मुदत संपली की संपतो.

त्या १७७४ साली आमच्या बारामतीत, कऱ्हेच्या काठी, मोरोपंत आर्या रचत होते. वय ४५.

पंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. बारामतीला ते आले ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाला, पुराण सांगायच्या कामावर, आणि १७९४ मध्ये बारामतीतच वारले. ‘आर्याभारत’, ‘केकावली’ आणि शिवाय १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यांच्या हयातीत यातलं एक पानही छापलं गेलं नाही. मराठी छपाईला सुरुवातच मुळी १८०५ साली झाली, तीही दूर बंगालात श्रीरामपूरला. पंतांचं पोट नाईकांच्या आश्रयावर होतं, पोथ्यांच्या विक्रीवर नव्हतं. कुणी पोथी नकलून नेली तर पंतांचा पैसा बुडत नव्हता. उलट आपली आर्या आणखी एका गावात पोहोचली याचा आनंदच असणार.

‘प्रताधिकार’ म्हणजे प्रत काढण्याचा अधिकार. पंतांना याच अधिकाराची गरज नव्हती. मग त्यांच्याकडे काय होतं? नाव होतं. ते शेवटी चिकटवलेलं नसून मजकुरात विणलेलं असे. ‘मयूर’ ही त्यांची मुद्रा. केका म्हणजे मोराचा टाहो, म्हणजे ‘केकावली’ या ग्रंथाच्या नावातच कवीची सही आहे. ‘निरोष्ठ रामायणा’त तर प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरंच वर्ज्य. तिथे ‘मयूर’ हे नाव बसवायचीच सोय नाही. पण ओठाला ओठ न लावता रामायण सांगायचा हा हट्ट कुणाचा, हे जाणकाराला वेगळं सांगावं लागत नसे.

पोथी नकलणाऱ्यांचाही एक शिरस्ता होता. शेवटी लिपिकार स्वतःचं नाव, शक, तिथी, गाव घालायचा आणि वर म्हणायचा की समोर जसं होतं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष मला देऊ नका. हल्ली निरोपाच्या डोक्यावर ‘जसं आलं तसं पुढे पाठवतोय’ असं येतं, त्याचा हा खापरपणजोबा म्हणा. फरक एवढाच की लिपिकार कवीची मुद्रा जागेवर ठेवून त्याखाली आपली जबाबदारी लिहायचा. आपण दोन्ही गाळतो.

मुद्रेबद्दल बोलायचं आणि तुकोबांचं नाव घ्यायचं नाही, असं आमच्या भागात शक्य नाही. देहूहून निघालेली पालखी दरवर्षी बारामतीला मुक्काम करते, मग सणसर, बेलवडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीवरून पुढे. या वाटेवरच्या घरांत वाचता न येणाऱ्या आज्या होत्या, पण अभंग कुणाचा हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ आलं की मालकी कळली.

ही मुद्रा किती सहज चोरता येते, हेही तुकोबांना त्यांच्या हयातीतच कळलं होतं. सालोमालोची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तुकोबांचे अभंग घ्यायचे, शेवटी ‘सालो म्हणे’ घालायचं आणि आपले म्हणून गायचे. ‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात तो खलपुरुष म्हणून आहे, पण तो काही चित्रपटवाल्यांनी कल्पनेनं उभा केलेला नाही. संतांची वचनं मोडून स्वतःला दागिने घडवणाऱ्यांवर तुकोबांनी स्वतःच कोरडे ओढले आहेत. आता अक्षरं मोजून बघा. ‘तुका म्हणे’ची चार, ‘सालो म्हणे’चीही चारच. छंदाला कुठे ओरखडाही उठत नाही. कुलूप म्हणून मुद्रा अगदीच लेचीपेची.

तरी सालो हरला. कारण तो गायला लागला की समोरच्या दहा जणांना मूळ अभंग पाठ होता. मुद्रेचं राखण ऐकणाऱ्यांच्या कानात होतं. वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथाही काही जण अशीच वाचतात, की अभंग लोकांच्या मुखात असल्यामुळे तरले.

हे राखण नेहमी पुरं पडलं असंही नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे एक कवी होऊन गेले. मुद्रा ‘नामा’. त्यांची रचना संत नामदेवांच्या गाथेत इतकी मिसळली की अभ्यासकांना ती वेगळी काढायला विसाव्या शतकापर्यंत झगडावं लागलं. चोरी कुणीच केली नव्हती. मोठ्या नावाखाली लहान नाव आपोआप गेलं. आज कुठलाही बरा परिच्छेद ‘पु. ल.’ किंवा ‘व. पु.’ यांच्या नावानं फिरतो, त्याचीच ही जुनी तऱ्हा.

मग छापखाना आला. परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा जुन्या कवितेचा संग्रह काढला आणि मोरोपंत शाळकरी पोरांच्या हातात गेले. पंत १७९४ ला गेले, म्हणजे तोवर बरोबर ६० वर्षं झाली होती. आजचा कायदा तेव्हा असता तर ढोबळ हिशेबानं पंतांच्या वारसांची परवानगी लागण्याचं ते शेवटचं वर्ष ठरलं असतं! १८६९ आणि १८७३ मध्ये विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून तुकोबांची गाथा दोन भागांत छापली, सरकारच्या मदतीनं. लोकांच्या तोंडी असलेला मजकूर आता प्रतींच्या हिशेबात आला. प्रत आली म्हणजे किंमत आली, आणि किंमत आली की हद्द आलीच.

आता आजच्या कायद्याकडे येतो, म्हणजे मावसभावाच्या प्रश्नाकडे.

१८४७ नंतर १९१४ चा कायदा आला आणि त्यानंतर स्वतंत्र भारताचा १९५७ चा. हा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि दुरुस्त्या होत होत तोच चालू आहे. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सभासद आहे आणि त्या कराराचं मूळ तत्त्वच असं की हक्कासाठी नोंदणीची अट नको. तुम्ही लिहिलंत, कागदावर किंवा पडद्यावर उमटलं, की हक्क जन्मला. दिल्लीच्या प्रताधिकार कार्यालयात नोंदणी करता येते, पण ती पुरावा म्हणून कामाला येते, तिच्यामुळे हक्क मिळतो असं नाही. वर्तुळातलं ‘सी’ हे चिन्हही सक्तीचं नाही. म्हणजे शब्दांचा सातबारा तलाठ्याकडे नसतो. तुमची मूळ फाइल, तारीख असलेली वही, जालावरच्या संग्रहात राहिलेली जुनी प्रत, हेच तुमचे उतारे. ते जपून ठेवा.

नोंदवायचंच असेल तर अख्खं संकेतस्थळ एका अर्जात नोंदवून घेत नाहीत. मजकूर वेगळा, छायाचित्रं वेगळी, संगीत वेगळं, प्रणाली वेगळी. विंगेटच्या हिशेबात बोलायचं तर संकेतस्थळ हे गाव आहे, आणि गावाचा सातबारा नसतो, एकेका नंबराचा असतो. त्या नंबरांचे मालकही वेगवेगळे असू शकतात. तुमच्या लेखातला फोटो तुमच्या मित्रानं काढला असेल तर लेख तुमचा आणि फोटो त्याचा.

नेमकं काय राखलं जातं? मांडणी, शब्दरचना. माहिती आणि कल्पना यांवर कुणाचीच मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. पालखी कुठल्या दिवशी इंदापूरला पोहोचते, डाळिंबाला पाण्याचा ताण कधी द्यायचा, ही माहिती सगळ्यांची. तुम्ही ती ज्या वाक्यांत सांगितलीत ती वाक्यं तुमची. आणि नुसते कष्ट केले म्हणूनही हक्क येत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात २००७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की श्रमाबरोबर थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी. जुनी पोथी रात्री जागून टंकली म्हणून ती टंकणाऱ्याची होत नाही.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. आधी ती ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ ला गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून मुदत १० वर्षांनी वाढवली गेली आणि १९९२ मध्ये तशी दुरुस्ती झाली. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून कुणीही छापू शकतो. पु. लं.चं लिखाण २०६० अखेरपर्यंत राखीव आहे. तुकोबा आणि मोरोपंत मोकळेच आहेत. पण एखाद्या हल्लीच्या संपादकाची त्यांच्यावरची प्रस्तावना आणि टीपा मोकळ्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

दोन समजुती इथेच निकालात काढतो. ‘जालावर आहे म्हणजे फुकट आहे’ ही पहिली. बांधावरून दिसणारा ऊस काही वाटसरूचा होत नाही. दुसरी म्हणजे ‘खाली साभार लिहिलं की झालं’. साभार लिहिणं ही सभ्यता आहे, पण तिनं परवानगीची जागा भरत नाही. परीक्षणासाठी, टीकेसाठी, स्वतःच्या अभ्यासासाठी थोडा उतारा घ्यायची मुभा कायद्यातच आहे. किती शब्द चालतात याचा आकडा मात्र कायद्यात कुठेही नाही.

हा झाला प्रतीचा हक्क. तो विकता येतो, भाड्यानं देता येतो, वारसांना मिळतो, आणि एक दिवस संपतो. पण कायद्यात दुसराही एक हक्क आहे, कलम ५७ मधला. हे मी लिहिलं असं म्हणण्याचा, आणि आपलं लिखाण अब्रूला बट्टा लागेल असं मोडून-तोडून मांडलं तर हरकत घेण्याचा. प्रतीचा हक्क विकून टाकला तरी हा लेखकाकडेच राहतो. त्याला ६० वर्षांची मुदत लिहिलेली नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाच्या माघारी वारसही तो बजावू शकतात. त्याच दुरुस्तीत कलम ६५ ब आलं. लिखाणाची ओळख पटवणारी माहिती, म्हणजे शीर्षक, लेखकाचं नाव वगैरे, अधिकार नसताना जाणूनबुजून काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सालोमालोवर कलम लावायला साडेतीनशेहून जास्त वर्षं लागली म्हणायची. :-)

या दोन हक्कांतला कुठला मला जास्त जवळचा वाटतो आणि का, हे सांगण्यासाठी घरचीच एक गोष्ट सांगतो.

नातेवाइकांना माहीत आहे, अण्णांनी निवृत्तीनंतर दोनशे पानी वहीत आठवणी लिहिल्या. त्यातला मोठा भाग १९७२ च्या दुष्काळाचा. निमगावच्या पुढच्या दुष्काळी कामावर फोडलेली खडी, मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडीसाठी लागलेली रांग, आणि त्या रांगेत हरवलेली आजीची चप्पल. २००९ मध्ये मी ती वही टंकून इथेच क्रमाक्रमानं टाकली. अण्णा तेव्हा होते, शुद्धलेखनावरून रोज वाद घालायचे. २०१६ ला ते गेले.

त्यानंतर तीन वर्षांनी आत्याच्या हातात पहिल्यांदा नवा फोन आला. एका रात्री तिचा फोन. म्हणाली, “अरे, दुष्काळाचं काहीतरी आलंय बघ मला. वाचताना रडू आलं. सगळं आपल्याकडच्यासारखंच आहे. आमच्या आईचीसुद्धा अशीच चप्पल हरवली होती.” तिनं पुढे पाठवलं ते मी पाहिलं. अण्णांच्या वहीतला चौथा भाग, शब्द न्‌ शब्द. वर कुणा अनोळखी गृहस्थाचं नाव, खाली हात जोडल्याचं चित्र. आत्यानं स्वतःच्या भावाचं लिखाण वाचलं होतं, स्वतःच्या आईची चप्पल त्यात ओळखली होती, पण भाऊ तेवढा तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

अण्णांना त्या वहीचा एक रुपया मिळायचा नव्हता. प्रत किती निघाल्या याचं आम्हाला काहीच नाही. उलट चांगलंच आहे, वाचू देत. नाव काढलं गेलं ते मात्र आत्याकडून हिरावून घेतल्यासारखं झालं. तिला मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “परत पाठव. त्याच्या नावासकट.”

या वहीची मालकी कुणाची हेही मी मग नीट समजून घेतलं, कारण भावकीत पुढे प्रश्न नको. लेखक अण्णा. मी टंकलं, त्यानं मला वेगळा हक्क मिळत नाही. अण्णांच्या माघारी हक्क वारसांचा, म्हणजे आई, ताई आणि मी, सामायिक. मुदत २०७६ अखेरपर्यंत. जमिनीची वारस नोंद आपण वर्षाच्या आत करतो. वहीची कुणाला आठवण होत नाही. पण कुणा नातेवाइकाला तिची पुस्तिका काढायची तर तिघांचीही संमती हवी, आणि उद्या नातवंडं वाढतील तसा हा उतारा लांबत जाणार. ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या न छापलेल्या वह्या आहेत त्यांच्यासाठी आणखी एक: लेखकाच्या हयातीत जे कधीच प्रसिद्ध झालं नाही, त्याची ६० वर्षं पहिल्या प्रसिद्धीनंतर मोजायची असतात. तेव्हा जालावर टाकताना वर्ष लिहून ठेवा.

उचललेलं दिसलं तर काय करायचं? आधी पडद्याचं चित्र, पत्ता आणि तारीख जपून ठेवा. मग ज्यांच्या जागेवर ते लावलंय त्यांना लेखी कळवा. आपल्याकडच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रारीत लिखाण कुठलं, ते आपलं कशावरून, नक्कल कुठे आहे हे सांगायचं आणि दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणीन अशी हमी द्यायची. त्यांची खात्री पटली तर ३६ तासांत ते पान बंद करायचं असतं. हुकूम आला नाही तर २१ दिवसांनी ते पुन्हा उघडू शकतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या अमेरिकेतल्या आहेत, त्यांच्याकडे तिथल्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे अर्ज भरता येतो आणि सहसा त्यावरच काम होतं. दावा लावायची वेळ आलीच तर आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, आणि भरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं. जमिनीवर बारा वर्षं उघड कब्जा केला तर कब्जेदार हक्क सांगू लागतो. शब्दांत तसं नाही. कुणी तुमचा लेख वीस वर्षं स्वतःच्या नावानं मिरवला तरी तो त्याचा होत नाही.

हे सगळं दुसऱ्या संकेतस्थळाला लागू पडतं. फोनाफोनी फिरणाऱ्या निरोपाला नोटीस कुणाच्या नावानं द्यायची? तिथे कायदा थकतो आणि पुन्हा सालोमालोच्या काळातलंच राखण उरतं. ऐकणाऱ्याला मूळ माहीत असणं. आपल्याच जिल्ह्यात याचं एक चांगलं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतव्हाँ यांनी पुण्यात उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह, एक लाखाहून जास्त ओव्यांचा. ओवी कुणा एकीची नसते, तिच्यावर प्रताधिकार सांगायला कुणी उभं राहणार नाही. तरीही तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं आहे. जिथे मालकीच नाही तिथेही नाव राखता येतं, ते असं.

आई, ताई आणि मी मिळून अण्णांच्या वहीबाबत एक ठरवलं आहे. २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने मिळतात. त्यातला ‘नामनिर्देश’ हा परवाना आम्ही वहीला लावला. कुणीही प्रत काढावी, छापावी, भाषांतर करावं, विकलं तरी चालेल. आम्हाला विचारायची गरज नाही. अट एकच, अण्णांचं नाव राहिलं पाहिजे. आणि ते खालून सहज खुडता येऊ नये म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटच्या वाक्यात मी त्यांचं नाव आणि गाव घातलं आहे, अभंगाच्या शेवटच्या चरणासारखं. खोडणाऱ्याला ते खोडता येईलच, पण निदान वाक्य पुन्हा लिहायचे कष्ट पडतील.

मावसभावाचं प्रकरण अजून चालू आहे. त्याला पहिला अर्ज मी लिहून दिला. तुमच्यापैकी कुणाला तसाच नमुना हवा असेल तर कळवा. आणि घरात कुणाची वही असेल तर आजच पहिल्या पानावर लिहा: कुणाची, कुठल्या गावची, कुठल्या सालची.